मूस आणि मूर्खपणा

आजच्या भाषणाचा विषय ख्रिस्ती धर्मशास्त्रांतला आहे. परंतु त्याचें मर्म कळण्यास मनुष्य ख्रिस्तीच असला पाहिजे असें नाहीं. दुःख सर्वांच्याच घरीं येतें, आणि तें आलें म्हणजे आपण शहाणे कीं मूर्ख याची परीक्षाही सर्वांचीच होते. भिवंडीसारख्या मागांच्या गांवीं राहणाऱ्यांस तर हा विषय विशेष परका वाटूं नये. धागा कां तुटतो हें विणकर जाणतो, आणि धातु कां तापवावी लागते हें सोनार जाणतो. शास्त्रकारांनीं मोठ्या गोष्टी सांगण्यासाठीं अशाच कारागिरांचीं उदाहरणें घेतलीं आहेत.

प्रथम मूर्ख कोणास म्हणावें तें पाहूं. पवित्र शास्त्रांतला मूर्ख हा मंदबुद्धीचा मनुष्य नव्हे. लूकच्या शुभवर्तमानांत येशूनें एका श्रीमंत शेतकऱ्याचा दृष्टांत दिला आहे. त्याचें पीक अमाप आलें. जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधावीं आणि पुढें पुष्कळ वर्षें सुखांत काढावीं, असा त्यानें बेत केला. त्याच रात्रीं त्याचा प्राण मागितला गेला. हा गृहस्थ हिशेबाला कच्चा नव्हता. त्याच्या हिशेबांत फक्त देव नव्हता. पौलानें गलतीकरांस मूर्ख म्हटलें तेंही त्यांना अक्कल नव्हती म्हणून नव्हे. कृपेनें आरंभलेलें काम ते आपल्या आचाराच्या बळावर पुरें करूं पाहत होते, म्हणून. आणि गंमत अशी कीं, करिंथकरांस लिहितांना हाच पौल सांगतो कीं, जगाला जो मूर्खपणा वाटतो तो वधस्तंभच देवाचें शहाणपण आहे. म्हणजे मूर्खपणा दोन तऱ्हांचा झाला: देवाला वगळून केलेलें शहाणपण हा एक, आणि देवासाठीं पत्करलेला वेडेपणा हा दुसरा. पहिला सुटावा आणि दुसरा अंगीं यावा, यासाठीं मूस लागते.

मलाखी संदेष्ट्यानें देवाला रुपें शुद्ध करणाऱ्याची उपमा दिली आहे. त्या उपमेंत हा कारागीर बसलेला आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मूस विस्तवावर ठेवून तो बाजारांत निघून जात नाहीं. सोनार जुना दागिना मुशींत घालतो, टांकणखाराची चिमूट टाकतो, मळ वर येतो तो काढतो, आणि विस्तव किती ठेवावा यावर सारखी नजर ठेवतो. त्याला धातूचा राग आलेला नसतो. हीण जावें आणि मोल राहावें एवढीच त्याची इच्छा. आपली अडचण अशी कीं, आपल्यांतलें सोनें कोणतें आणि हीण कोणतें, हें आपल्याला आधींच ठाऊक आहे अशी आपली पक्की समजूत असते.

या समजुतीचें काय होतें, हें आपल्याच महाराष्ट्रांतल्या एका संसारांत पाहावयास मिळतें. भिवंडीहून कल्याण फार दूर नाहीं. नारायण वामन टिळक यांच्या बाळपणाचीं कांहीं वर्षें कल्याणास शाळेंत गेलीं. त्यांचा जन्म १८६१ सालचा. ते संस्कृतज्ञ आणि कवि होते. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले, पत्नी दुरावली. लोकांनीं त्यांस मूर्ख म्हटलें. पुढें १९१७ सालीं मिशनची नोकरी आणि पगार सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हां आंतल्या मंडळींतही कित्येकांस तो वेडेपणाच वाटला असेल. १९१९ सालीं ते वारले.

टिळकांनीं आपली मूस आपण निवडली. परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस ती निवडतां आली नव्हती. सोंवळ्याचें अतिशय वेड असलेल्या वडिलांच्या घरीं त्या वाढल्या. नवऱ्यानें धर्म सोडला तेव्हां पदरीं लहान मूल, लोकांची दृष्टि विचित्र, आणि आपला अपराध तर कांहींच नाहीं. चार-पांच वर्षें त्यांनीं वियोगांत काढलीं. पुढें त्या नगरास पतीकडे गेल्या, तरी आपला स्वयंपाक व आपलें पाणी निराळेंच ठेवीत. मग एके दिवशीं त्यांच्या मनानें घेतलें कीं, माणसें देवानें केलीं. जाति माणसांनीं केली. सोंवळें गळून पडलें, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

येथें मुशीचें काम दिसतें. ज्याला त्या घराण्यानें सोनें मानलें होतें तें वर तरंगून निघून गेलें. आणि ज्याची कोणी गणतीच केली नव्हती, ती निर्भय सरळ बुद्धि आणि तो निर्मळ विनोद, तळाशीं राहिला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘स्मृतिचित्रें’ या त्यांच्या ग्रंथांत हालांच्या वर्णनांतही वाचकाला हंसूं फुटतें, आणि कोणाविषयीं कडवटपणा राहत नाहीं. टिळकांनीं अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनीं पुरें केलें. शाळेचें शिक्षण तर त्यांस फारसें नव्हतेंच.

परंतु श्रोतेहो, येथें एक सावधगिरी अवश्य आहे. त्या आगींतून देवानें काय काढलें हें आपण सांगूं शकतों. म्हणून ती आग लावणारा निर्दोष ठरतो असें मात्र नव्हे. लक्ष्मीबाईंनीं सोसलें तें सोसावयास लावणें योग्यच होतें, असा निर्णय त्यांच्या सहनशीलतेवरून काढतां येत नाहीं. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून “देव तुला शुद्ध करीत आहे” असें सांगणें फार सोपें असतें. ईयोबाचे मित्र हेंच करीत होते. त्यांचीं वचनें धार्मिक होतीं, तरी शेवटीं देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं विचारलें, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? येशूनें दोन्ही तर्क नाकारले आणि त्याला दृष्टि दिली. शुद्धीकरणाचा सिद्धांत मनुष्यानें स्वतःस लावावा. शेजाऱ्यास लावूं नये. शेजाऱ्यास हात द्यावा. कामावरून काढलेल्या मजुरास, आजाऱ्यास, नवऱ्यानें टाकलेल्या बाईस उपदेश करून मोकळें होणें, हाही आध्यात्मिक मूर्खपणाच होय, आणि देवळांत जाणाऱ्या माणसांत तो अधिक आढळतो.

मग स्वतःवर आलेली परीक्षा पत्करावी ती कशी? निमूटपणें गिळून नव्हे. पौलाच्या देहांत एक कांटा सलत होता. तो निघावा म्हणून त्यानें तीन वेळां विनंती केली. कांटा निघाला नाहीं. कृपा पुरेशी आहे, एवढें उत्तर मिळालें. येशूनेंही गेथशेमाने बागेंत तो प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि नंतर पित्याची इच्छा मान्य केली. म्हणून औषध घ्यावें, अन्यायाविरुद्ध दाद मागावी, रडूं आलें तर रडावें, परंतु हें सर्व करीत असतां एक प्रश्न मनांत जागा ठेवावा: “प्रभो, माझ्यांतलें काय जावयास हवें आहे?” ज्यास हा प्रश्न विचारतां येतो, त्याचा मूर्खपणा सुटूं लागला असें समजावें.

भिवंडीचा विणकर याहून निराळें सांगणार नाहीं. सुताला पांजणी केल्यावांचून तें मागावरचा ताण आणि घर्षण सोसत नाहीं. म्हणून त्याला खळ पाजावीच लागते. तरीही एखादा धागा तुटतो. तेव्हां चांगला विणकर धाग्यास दोष देत बसत नाहीं. तो माग थांबवतो, तीं दोन टोकें शोधतो आणि गांठ मारतो. विणणाऱ्याची इच्छा कापड पुरें व्हावें अशी आहे. आपल्यास ताण सोसण्याचें बळ मिळो, आणि शेजारचा धागा तुटेल तेव्हां गांठ मारण्यास आपले हात मोकळे असोत.