आईचा फोटो



जुन्नर भागात उसाच्या फडात बिबट्याची मादी विते. ऊसतोडीच्या वेळी पिल्ले सापडतात. मांजरीच्या पिलांएवढी, गोजिरवाणी! मग गर्दी जमते. जो तो मोबाइलवर फोटो काढतो. पण आई जवळपासच दडलेली असते बरं का! पिलांसाठी ती माणसाच्या अंगावर धावून जाते.

वनखात्याचे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे लोक काय करतात? संध्याकाळी पिल्ले खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात. शेजारी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावतात आणि दूर जातात. रात्री बहुधा आई येते. एकेक पिल्लू हलकेच तोंडात धरून नेते. फोटो काढावा तर असा!

तेव्हा पिलांना हात लावू नका. मागे सरा. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करा. आईचं लेकरू आईला मिळू द्या.