पंधराशे युरोंचे चित्र



कामगार चळवळीतल्या माणसाचे चित्रकलेशी काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. आमचे शिक्षण गिरणीच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. रंगरेषांची चिकित्सा आम्ही करणार नाही. परंतु मजुरी आणि किंमत यांचा हिशेब आम्ही जन्मभर केला आहे, आणि आजची हकीगत त्याच हिशेबाची आहे.

एप्रिल २०२१ मध्ये माद्रिद शहरातील आन्सोरेना या पेढीत एका जुन्या तैलचित्राचा लिलाव व्हायचा होता. (लिलाव हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलेला, त्याची झळ मात्र गिरणगावाने सोसली. बंद गिरण्यांचे माग भंगाराच्या भावाने तोलून गेले, ते आम्ही पाहिले आहे.) चित्रकार कोण, तर सतराव्या शतकातील रिबेराच्या परिवारातला कोणी एक, एवढेच यादीत छापले होते. बोलीची सुरुवात १५०० युरोंपासून.

विषय बायबलातला. रोमन सुभेदार पिलात कठड्यावरून पुढे वाकून, हात बांधलेल्या येशूला जमावापुढे दाखवीत आहे. येशूच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट. मागे एक तरुण तोंड वासून त्याच्या खांद्यावर झगा टाकतो आहे. जमाव चित्रात नाहीच! पिलात पाहतो आहे तो आपल्याकडे, आणि या माणसाचे काय करायचे, हे जणू आपल्यालाच विचारतो आहे. उंची १११ सेंटिमीटर, रुंदी ८६. एवढ्याशा जागेत तिघे दाटीने उभे आणि अंधारात एका बाजूने पडलेला उजेड.

त्या उजेडावरून जाणकारांनी काराव्हाज्जोचा हात ताडला. लिलाव होण्यापूर्वीच चित्र मागे घेतले गेले आणि स्पेन सरकारने ते देशाबाहेर नेण्यास मनाई केली. पुढे ते विकले गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत आकडा आला सुमारे ३ कोटी ६० लाख युरोंचा. म्हणजे चोवीस हजार पट! कापड तेच, रंग तेच. साफसफाई झाली, तीही जुन्याच रंगाची. हातचे काम होते तेवढेच राहिले, बदलले ते फक्त नाव. आणि ज्याचे ते नाव, तो १६१० साली, अडतिसाव्या वर्षी, खुनाच्या आरोपाखाली परागंदा असतानाच मेला.

आम्हाला अधिक बोचते ते वेगळेच. हे चित्र एके काळी माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीचे, म्हणजे सार्वजनिक संस्थेचे होते. १८२३ साली अकादमीने दुसऱ्या एका चित्राच्या बदल्यात ते एव्हारिस्तो पेरेस दे कास्त्रो या मुत्सद्द्याला दिले. सर्वांचे होते ते एका घराचे झाले, आणि दोनशे वर्षांनी त्याच देशाच्या सरकारला मनाईहुकूम काढावा लागला. हुकूम योग्यच होता. तो निघाला नसता तर चित्र कुठल्या तिजोरीत गेले असते, कोण जाणे! पण त्या हुकुमाने चित्र देशात राहिले, लोकांचे झाले नाही.

मे २०२४ मध्ये ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मांडले गेले. प्रादोत संध्याकाळचे शेवटचे दोन तास प्रवेश विनामूल्य असतो. कामावरून सुटलेल्या माणसाला ती वेळ सोयीची. चित्र मात्र तेथे आले ते नव्या मालकाकडून, उसनवारीने.