पिशवी काढल्यावर



आपल्याकडे ‘पिशवी काढली’ म्हटलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही. मुरूडहून रोह्याला निघालेल्या एसटीत एखादी बाई दुसरीला हे सांगते, दुसरी मान हलवते, विषय संपतो. गर्भाशय काढलं, एवढंच दोघींनी धरलेलं असतं. आज मी ज्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहे त्यात लघवीची पिशवी काढतात आणि पुष्कळदा पोटावर दुसरी पिशवी लावतात. म्हणून आधीच शब्द ठरवून घेऊ. आतल्या पिशवीला मी मूत्राशय म्हणेन आणि बाहेरच्या पिशवीला बॅग. नाहीतर बोलणं संपेपर्यंत कुठली पिशवी कुठे गेली ते तुम्हालाही कळायचं नाही आणि मलाही.

माझं माहेर आगरदांड्याचं. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी, मधे जंगलजेट्टी नावाच्या फेरीबोटीची ये-जा. नोकरी मात्र मुंबईत झाली, स्टोमा-नर्स म्हणून. शरीरातली लघवी किंवा मळ बाहेर यायला पोटावर जे तोंड करतात त्याला स्टोमा म्हणतात. त्याची देखभाल रुग्णाला आणि घरच्यांना शिकवायची, हे माझं काम.

मूत्राशय का काढावं लागतं? बहुतेक वेळा कॅन्सर त्याच्या भिंतीतल्या स्नायूपर्यंत पोचलेला असतो म्हणून. लघवीतून रक्त जातं, दुखत काही नाही, दोन दिवसांनी लघवी पुन्हा स्वच्छ होते आणि माणूस म्हणतो, उष्णता झाली असेल. तिथेच महिने जातात. बिडी-सिगारेट हे या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण. धूर फुप्फुसात जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातलं विष रक्तातून लघवीत उतरतं आणि मूत्राशयात तासन् तास साठून राहतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पुरुषांमध्ये मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथीही जाते. बायकांमध्ये बहुधा गर्भाशय आणि योनीचा पुढचा भाग जातो.

मूत्राशय गेलं तरी मूत्रपिंडं थांबत नाहीत. दिवसाला दीड-दोन लिटर लघवी तयार होतच राहते. ती न्यायची कुठे, हा डॉक्टरांपुढचा जुना प्रश्न. 1852 मध्ये लंडनच्या जॉन सायमन यांनी एका मुलाच्या मूत्रवाहिन्या, म्हणजे मूत्रपिंडांतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्या, मोठ्या आतड्याकडे वळवून पाहिल्या. ती वाट पुढे कितीतरी वर्षं वापरली गेली, पण मळातले जंतू मूत्रपिंडांपर्यंत चढायचे, रक्तात आम्ल वाढायचं आणि काहींना कित्येक वर्षांनंतर त्या जोडाशीच नवा कॅन्सर व्हायचा. 1950 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या यूजीन ब्रिकर यांनी वेगळी तऱ्हा रूढ केली. लहान आतड्याचा साधारण वीतभर तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वेगळा करायचा आणि उरलेलं आतडं पुन्हा जोडून टाकायचं. त्या तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडायच्या, दुसरं टोक बेंबीच्या उजवीकडे खाली पोटातून बाहेर काढायचं. तोच स्टोमा. त्यावर बॅग. सत्तर वर्षं उलटली, पण जगभर आजही हेच ऑपरेशन सर्वांत जास्त होतं.

हा तुकडा लघवी साठवत नाही. तो नुसती पन्हळ आहे. म्हणून बॅगेत लघवी सतत थेंबथेंब येते. स्टोमा लाल आणि ओला दिसतो, आपल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखा. हात लावला तर दुखत नाही, पुसताना जरासं रक्त येतं. लघवीत पांढरट तार दिसते ती आतड्याची बुळबुळ, पू नव्हे. पहिल्यांदा ती पाहून घाबरलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. अर्धी भरायच्या आतच बॅगेचा नळ उघडून ती रिकामी करायची, रात्री तिला मोठी बॅग जोडून झोपायचं आणि तीन ते पाच दिवसांनी बॅगेची कातडीला चिकटणारी चकती बदलायची. बदलायला सकाळची वेळ बरी, चहाच्या आधी, कारण तेव्हा लघवी कमी असते.

आता दुसरा पर्याय. याच्याबद्दल ऐकलं की रुग्णाचा मुलगा लगेच म्हणतो, बाबांना हेच करा. लहान आतड्याचा चाळीस ते साठ सेंटिमीटर लांब तुकडा घेतात, उभा चिरून उघडतात आणि घड्या घालून त्याचा गोळा शिवतात. न चिरता तसाच ठेवला तर आतडं आपल्या सवयीने लाटा मारून लघवी ढकलत राहील. चिरून शिवलं की त्या लाटा एकमेकींना मारतात. हे नवं मूत्राशय खाली मूळच्या मूत्रमार्गाला जोडतात. पोटावर काही नाही, लघवी नेहमीच्या वाटेने.

ऐकायला सोपं वाटतं. पण आतड्याला ‘लघवी लागली’ हे कळत नाही. ते भरतं आणि गप्प बसतं. म्हणून घड्याळ बघून लघवीला जायचं. सुरुवातीला दिवसा दर दोन तासांनी, रात्री गजर लावून. पुढे हळूहळू हे अंतर चार तासांपर्यंत वाढवायचं. बसायचं, खालचे स्नायू सैल सोडायचे आणि पोटाने दाब द्यायचा. दिवसाचं कोरडेपण काही महिन्यांत येतं, रात्रीचं यायला वर्षही लागतं आणि काहींचं अंथरूण कायमच थोडं ओलं होतं. उलटही होतं. लघवी पूर्ण उतरत नाही, मग स्वतःच मूत्रमार्गातून नळी घालून ती काढावी लागते. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. तेव्हा ऑपरेशनच्या आधीच स्वतःला विचारावं, उद्या वेळ आली तर मी नळी घालीन का? उत्तर ‘छे, छे’ असेल तर हा पर्याय धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय आतड्याचं काम शोषून घेणं. लघवी तिथे साठली की त्यातलं आम्ल थोडं थोडं परत रक्तात जातं. मूत्रपिंडं चांगली असतील तर ती सांभाळून घेतात. आधीच थकलेली असतील तर नवं मूत्राशय त्यांना झेपत नाही. बी-12 जीवनसत्त्वावरही वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते.

आणखी दोन वाटा आहेत. पोटाच्या आत कप्पा शिवून त्याचं बारीक तोंड बेंबीत काढायचं आणि चार-सहा तासांनी नळी घालून तो रिकामा करायचा. बॅग लागत नाही, नळी मात्र कायमची. आपल्याकडे हे कमी होतं. फार वयस्कर किंवा अशक्त माणसाच्या आतड्याला हात न लावता मूत्रवाहिन्याच थेट कातडीवर आणतात. ऑपरेशन लवकर उरकतं, पण बहुधा आत बारीक नळ्या ठेवून त्या काही महिन्यांनी बदलत राहाव्या लागतात.

आता एका तांडेलाची, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याची, गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. गाव आमच्याच खाडीकाठचं. निदान फेब्रुवारीत झालं. ते म्हणाले, “बाय, जूनमध्ये बंदी लागली की करू, आता सीझन आहे.” मी त्यांना सांगितलं, काका, उपचार सुरू न करता तीन महिन्यांच्या पलीकडे नेलं तर जगण्याची शक्यताच घटते. बोट भावावर सोपवा. मुलाने इंटरनेटवर वाचून नवं मूत्राशय ठरवलं होतं. काकांना गजराची भीती नव्हती. जन्मभर भरती-ओहोटी बघून रात्री-अपरात्री उठलेला माणूस. मूत्रपिंडं उत्तम, हात बळकट. डॉक्टरांनीही होकार दिला.

तरीही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी शाईची पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी गेले. मुलगा म्हणाला, “बॅग लावायचीच नाही, मग खूण कशाला?” मी म्हटलं, असू दे. काकांना त्यांचा कंबरेचा रुमाल बांधायला लावला. बेंबीच्या उजवीकडे खाली, पोट सपाट दिसलं तिथे ठिपका दिला. मग म्हटलं, जाळं शिवायला बसता तसे बसा. ते बसले, पोटाला वळी पडली आणि ठिपका वळीत गडप. तिथे स्टोमा आला असता तर चकती रोज सुटली असती. दुसरा ठिपका वर घेतला, तर तो रुमालाच्या गाठीखाली आला. तिसऱ्या वेळी जागा जमली. उभं राहून, वाकून, टोपली उचलल्याचं सोंग करून पाहिलं. शेवटचा प्रश्न, “काका, तुम्हाला स्वतःला ठिपका दिसतोय?” दिसत होता. जी जागा दिसत नाही तिथली बॅग माणूस स्वतः बदलू शकत नाही, मग जन्मभर बायकोचे हात लागतात.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चालू असताना मूत्रमार्गाच्या कडेचा तुकडा तपासला, त्यात कॅन्सर निघाला. तिथे नवं मूत्राशय जोडणं शक्यच नव्हतं. बॅग लागली. खूण तयार होती, स्टोमा तिथेच आला. अशी खूण न करता आलेली माणसंही मी पाहिली आहेत. एका बाईचा तर स्टोमा नेमका साडीच्या परकराच्या नाडीखाली काढला होता. ती बाई दोन वर्षं नाडी छातीशी बांधून वावरत होती.

आमच्या पंचक्रोशीत कोकणी मुसलमान घरंही पुष्कळ आहेत. तिथल्या एका चाचांनी खालच्या आवाजात विचारलं होतं, नमाजचं काय? लघवी सतत येणाऱ्या माणसाला शरियत माझूर, म्हणजे नाइलाज असलेला, मानते. प्रत्येक नमाजाच्या वेळी नव्याने वुजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, करायचं. आपल्या मौलानांना आधीच विचारून घ्या. मी मात्र त्यांच्या पोटावरची खूण त्यांना सजद्यात वाकायला लावून तपासली.

कोकणातल्या दमट हवेत चकती पुस्तकात लिहिलेले दिवस टिकत नाही. कातडी कोमट पाण्याने धुवून कोरडी करा. खोबरेल लावू नका, तेलावर काही चिकटत नाही. तीन-चार बॅगा जवळ हव्यातच आणि पावसाळ्याच्या आधी जास्त. ताप आला, कुशीत दुखलं किंवा लघवी एकदम कमी झाली तर घरगुती काढे नकोत, त्याच दिवशी डॉक्टर.

नवरा-बायकोच्या संबंधांवर या ऑपरेशनचा परिणाम होतो. कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही. त्या संबंधांसाठी लागणाऱ्या नसा वाचवता येतील का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारायचं.

पैशाचं म्हणाल तर आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2 जुलै 2012 ला राजीव गांधींच्या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, ऑपरेशनचं विचारा आणि बॅगांचं वेगळं विचारा, कारण त्यांचा खर्च जन्मभराचा.

मुलगे विचारतात, यातलं चांगलं ऑपरेशन कुठलं? जगभर या माणसांच्या जगण्याच्या दर्जाचे अभ्यास झाले, पण बॅगवाला सुखी की नव्या मूत्राशयाचा सुखी, याचा ठाम निकाल लागलेला नाही. मी स्वतः पाहिलेलं सांगते. ज्याला आधी नीट समजावलं तो दोन्हीकडे रुळला. ज्याला दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगितलं, तो दोन्हीकडे कुढत राहिला. परळच्या टाटा रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिथे बॅग लावून नोकरी-धंदा करणारी माणसं भेटतात. त्यांच्याशी अर्धा तास बोला.

ऑपरेशनची तारीख हातात पडली की डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, माझ्या पोटावर खूण कोण करणार आणि कधी? पर्याय कुठलाही ठरलेला असो. आणि जाताना रोजचे कपडे बरोबर न्या, लुंगी असेल तर लुंगी, नऊवारी असेल तर नऊवारी.