शेजारच्या देशातली गाडी आणि आपले कागद

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, मी मुंबई बंदरात क्लिअरिंगचं काम करतो. बाहेरून माल आला की त्याचे कागद तयार करायचे, कस्टम्समध्ये दाखल करायचे, ड्युटी भरायची आणि माल सोडवायचा, हा आमचा धंदा. संयोजकांनी मला आयात-निर्यातीच्या धंद्यातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. त्यावरही कधीतरी बोलू. पण आपल्या मुलांचे मला जे फोन येतात, त्यातले बरेचसे एकाच प्रश्नाचे असतात: "चाचा, भूतानची लँड क्रूझर मिळतेय, नऊ लाखांत. घेऊ का?" आज या एका प्रश्नाचंच उत्तर सविस्तर देतो, कारण यात घरातल्या दोन-तीन माणसांची वर्षानुवर्षांची बचत अडकलेली असते.

आधी काय घडलं ते पाहू. २३ सप्टेंबर २०२५ रोजी कोचीच्या कस्टम्स विभागाने केरळात एकाच वेळी अनेक ठिकाणी छापे घातले. मोहिमेचं नाव होतं 'नुमखोर'. भूतानच्या जोंगखा भाषेत नुमखोर म्हणजे वाहन. पहिल्याच दिवशी ३६ गाड्या ताब्यात घेतल्या. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की, भूतानमध्ये लिलावात निघालेल्या जुन्या गाड्या स्वस्तात उचलल्या, काही सुट्या करून कंटेनरमधून, काही पर्यटकांच्या गाड्या म्हणून सीमेपलीकडून आणल्या, आणि खोट्या कागदांवर हिमाचल प्रदेशासारख्या राज्यांत त्यांची नोंदणी करून विकल्या. प्रकरण तपासाचं आहे. चौकशीत नाव येणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, हे लक्षात ठेवा. पण यातून आपण शिकायचं ते शिकू. कारण या बाजाराचं शेवटचं गिऱ्हाईक नेहमी सिनेमातला श्रीमंत माणूस नसतो. कधी तो कुवेतमध्ये पाइप फिटिंग करणाऱ्या भावाचा धाकटा भाऊ असतो.

या गाड्या विकणारे चार गोष्टी सांगतात. चारही ऐकायला खऱ्या वाटतात. एकेक तपासू.

पहिली गोष्ट: "भूतानशी आपला मुक्त व्यापार आहे, तिथल्या मालावर ड्युटी नाही."

अर्धं खरं आहे. भारत आणि भूतान यांच्यात व्यापाराचा करार आहे आणि भूतानच्या मालाला इथे ड्युटी लागत नाही. पण 'भूतानचा माल' म्हणजे भूतानमध्ये तयार झालेला माल. तिथली सफरचंदं, तिथलं सिमेंट. लँड क्रूझर जपानमध्ये बनते. ती थिंफूला दहा वर्षं फिरली म्हणून भूतानी होत नाही. कस्टम्सच्या दृष्टीने ती तिसऱ्या देशाची वस्तू, आणि तिला पूर्ण ड्युटी लागते. नेपाळचंही तसंच. करारात सवलत आहे ती मालाच्या मूळ देशाला, तो ज्या रस्त्याने आला त्या रस्त्याला नाही.

दुसरी गोष्ट: "गाडी जुनी आहे, त्यामुळे कर कमी बसतो."

उलट आहे. जुन्या गाडीवर नव्या गाडीपेक्षा जास्त कर आहे, कारण जगभरातल्या जुन्या गाड्या इथे येऊन पडू नयेत असं सरकारचं धोरण आहे. हिशेब मांडूया, लिहून घ्या. समजा गाडीची किंमत, विमा आणि भाडं मिळून कस्टम्सने मूल्य धरलं १० लाख. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून जुन्या मोटारीवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के, म्हणजे ७ लाख. त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५ टक्के, म्हणजे ६ लाख ७५ हजार. बेरीज झाली २३ लाख ७५ हजार. आता या सगळ्या बेरजेवर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे. म्हणजे आणखी ९ लाख ५० हजार. एकूण ३३ लाख २५ हजार. १० लाखांची गाडी बंदराच्या फाटकाबाहेर पडताना ३३ लाखांच्या पुढे गेली. यात क्लिअरिंगचा खर्च नाही, तपासणीचा नाही, आणि आरटीओचा रोड टॅक्स तर अजून यायचाच आहे.

कोणी म्हणेल, "मग बिलावर किंमत कमी दाखवू." तेही जमत नाही. सीमाशुल्क मूल्यांकनाचे २००७ चे नियम आहेत. बिलातल्या किमतीवर शंका आली तर अधिकारी ती नाकारून स्वतः मूल्य ठरवू शकतो. जपानी गाडीची किंमत काय असते हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आता तुम्हीच विचार करा. जी गाडी कायद्याने आणायला तेहतीस लाख लागतात, ती नऊ लाखांत कशी मिळते? मधले चोवीस लाख विकणाऱ्याने तुम्हाला भेट दिलेले नाहीत. ते त्याने भरलेलेच नाहीत, आणि ती जबाबदारी गाडीबरोबर तुमच्या दारात आणून उभी केली आहे.

बरं, ड्युटी भरायची तयारी असली तरी प्रश्न सुटत नाही. जुनी गाडी आणायच्या अटीच वेगळ्या आहेत. उत्पादनाच्या तारखेपासून ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. स्टिअरिंग उजव्या बाजूला असावं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये असावा. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला योग्य असावा. आयातीनंतर किमान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी असावी. पाठवणाऱ्या देशात तपासणीचा दाखला घ्यावा लागतो, इथे आल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी असते. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येऊ शकते. जयगावच्या फाटकातून नाही, रक्सौलहून नाही, सिलिगुडीहून नाही. त्यामुळे "भूतानहून रस्त्याने आणली आणि सगळं रीतसर केलं" असं जुन्या गाडीबद्दल कोणी म्हणत असेल, तर परदेश व्यापार महासंचालनालयाची खास परवानगी कुठे आहे, एवढंच विचारा. संभाषण तिथेच संपेल.

तिसरी गोष्ट: "हिमाचलचं पासिंग आहे, आरसी आहे, ऑनलाइन नाव दिसतं. अजून काय पाहिजे?"

इथे आपली मुलं सर्वात जास्त फसतात. आरसी हा नोंदणीचा पुरावा आहे, ड्युटी भरल्याचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे की, आयात केलेल्या गाडीच्या नोंदणीच्या अर्जासोबत कस्टम्सचा क्लिअरन्स दाखला जोडावा लागतो. तो दाखलाच खोटा असेल, तर त्यावर उभी राहिलेली आरसी किती दिवस टिकणार? आणि नंतर गाडी चार जणांना विकली गेली, दोन राज्यांत फिरली, तरी मूळ दोष धुऊन निघत नाही. कस्टम्सच्या कायद्यात जप्ती मालाची होते, मालक कितवा आहे याने फरक पडत नाही.

माझ्याकडे दोघे भाऊ आले होते. थोरला आखातात, धाकटा गावी. थोरल्याने आठ वर्षांच्या नोकरीतून साठवलेले पैसे आणि आईचे थोडे दागिने, असं मिळून गाडी घेतली होती. विचार असा की, गणपतीत आणि लग्नसराईत भाड्याने लावू. विकणाऱ्याने दोन राज्यांची एनओसी दाखवली होती, नोंदणीचे सगळे कागद दाखवले होते. एक कागद दाखवला नव्हता: बिल ऑफ एंट्री. तोच मुळात नव्हता. गाडी जप्त झाली. विकणाऱ्याचा फोन बंद. व्यवहार बराचसा रोखीने झालेला, त्यामुळे पैसे दिल्याचा पुरावाही अर्धाच. धाकट्याने मला विचारलं, "चाचा, आम्ही चोरी कुठे केली?" केली नव्हती. पण गाडी गेली.

चौथी गोष्ट: "मग दुबईहून आणू. टीआरवर सवलत असते."

आपल्या रत्नागिरी, रायगडच्या घराघरांत हा समज आहे. आखातातल्या देशांत वाहतूक उजव्या बाजूने चालते, म्हणून तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. जुन्या गाडीसाठी आपली अट उजव्या स्टिअरिंगची आहे. म्हणजे तिथली रोजच्या वापरातली गाडी पहिल्याच पायरीवर अडते. दुसरं, कायमचं परत येताना घरगुती सामानावर जी सवलत मिळते, ती मोटारीला लागू नाही. फ्रीज, वॉशिंग मशीन सामानात येतात. गाडी सामानात धरली जात नाही, तिला पूर्ण ड्युटी लागते. तेव्हा परत येणाऱ्या चाचा-मामूंना सांगा, गाडी तिथेच विका आणि पैसे बँकेतून पाठवा.

एक रस्ता कायदेशीर आहे, पण तो तात्पुरता. परदेशातली गाडी 'कार्ने' नावाच्या कागदावर काही महिन्यांसाठी आणता येते. फिरायचं आणि मुदतीत परत न्यायची. विकायची नाही, इथे पासिंग करायचं नाही. ती परत गेली नाही, तर कार्नेमागच्या हमीतून ड्युटी वसूल होते.

आता समजा, तुमच्यापैकी कोणाच्या किंवा कोणा नातेवाइकाच्या दारात अशी गाडी आधीच उभी आहे आणि कस्टम्सचे लोक आले. अशा वेळी काय करायचं?

पळायचं नाही, गाडी लपवायची नाही, घाईत दुसऱ्याला विकायची तर मुळीच नाही. आजवर तुम्ही अजाण खरेदीदार होता. माहीत असून विकलीत की गुन्ह्यात सामील झालात. दंडाच्या कलम ११२ मध्ये शब्द आहेत, त्यांचा अर्थ असा: माल जप्तीस पात्र आहे हे माहीत होतं, किंवा तसं समजायला कारण होतं. चाळीस लाखांची गाडी नऊ लाखांत घेणाऱ्याला ते कारण होतं, असा युक्तिवाद सरकारी वकील करणारच. जाणूनबुजून केलेल्या तस्करीला कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत आणि मोठ्या प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैद आहे.

पण तुमचेही हक्क आहेत, ते माहीत असू द्या. जप्तीचा पंचनामा होतो, त्याची प्रत मागा. कलम १०८ खाली समन्स आलं तर हजर राहा. तिथे दिलेला जबाब कोर्टात पुरावा म्हणून वापरता येतो. म्हणून वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय सही करू नका, आणि जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा. जप्तीनंतर सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस यावी लागते. ही मुदत लेखी कारण देऊन आणखी सहा महिने वाढवता येते. तोपर्यंत कलम ११०अ खाली हमीपत्र आणि तारण देऊन गाडी तात्पुरती सोडवण्याचा अर्ज करता येतो. नोटिशीला लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा. आदेश विरोधात गेला तर अपील आहे. कमिशनर अपील्सकडे जायची मुदत ६० दिवसांची. घरात बसून "आपलं नाव असं आहे, म्हणून आपल्यामागे लागले" असं म्हणत ते ६० दिवस घालवू नका. भेदभाव झाला असं वाटलं तर तेही लेखी मांडा. पण ते मांडायलाही हातात कागद लागतो.

शेवटी, परदेशी बनावटीची कुठलीही जुनी गाडी घेताना चार गोष्टी पाहा. एक, बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. तिचा क्रमांक, तारीख आणि बंदर मिळालं की कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावर ती तपासता येते. दोन, त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः डोळ्यांनी जुळवा. तीन, उत्पादनाचं वर्ष आणि भारतातल्या पहिल्या नोंदणीचं वर्ष यांत किती अंतर आहे ते बघा. तीन वर्षांपेक्षा जास्त असेल, तर कारण विचारा. चार, पैसे बँकेतून द्या आणि विकणाऱ्याचं लेखी घ्या. यातल्या एकाही गोष्टीला विकणारा "अरे भाई, भरवसा नाही का?" म्हणाला, तर सलाम करून निघून या.

गाडीची हौस असण्यात काही वाईट नाही. मलाही आहे. इथे बनलेली, इथे कर भरलेली सेकंडहँड गाडी घ्या, भाड्याला लावा, धंदा करा. नाक्यावर हवालदाराने हात केला की काच खाली करून कागद पुढे करता आले पाहिजेत. थोरल्या भावाने वाळवंटातल्या उन्हात कमावलेल्या पैशाची एवढी तरी राखण आपण करू शकतो.

आता प्रश्न विचारा. आणि कोणी आधीच गाडी घेतली असेल, तर ती सगळ्यांसमोर सांगू नका. चहाच्या वेळी कागद घेऊन माझ्याकडे या, एकत्र बसून वाचू.