बांधावरची रिंगणी



‘निवृत्तीनंतरचा छंद’ यावर मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. बँकेतून सुटलो आणि गावी शेतीवर आलो. मुलीने मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स दिली. फाल्गुन होता. पळस, पांगारा पेटलेले. भराभर फोटो काढून तिला पाठवले. ती म्हणाली, “बाबा, असे तर कॅलेंडरवर असतात.”

मग मान खाली घातली. बांधावर भुईरिंगणी पसरली होती. पानापानावर काटे, फूल जांभळं. पहिले वीस-पंचवीस फोटो वाया गेले. दुपारच्या उन्हात रंग उडायचा, वाऱ्याने फूल हलायचं. म्हणून सकाळी सातला, वारा पडलेला असताना जाऊ लागलो. पोतं अंथरून पालथा पडलो, छत्रीची सावली धरली, पिवळ्या पुंकेसरांवर बोट टेकवून फोकस धरला आणि उजेड थोडा कमी केला.

तो फोटो मोठा करून पाहिला, तर प्रत्येक पुंकेसराच्या टोकाला बारीक छिद्र! आठवीत बाईंनी वांग्याचं फूल उकलून हेच दाखवलं होतं. रिंगणी वांग्याच्याच कुळातली. भुंगा फुलाला बिलगून गुणगुणतो, त्या थरथरीने पराग मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे छिद्रांतून बाहेर पडतात. आपल्या मधमाशीला हे जमत नाही.

वर्षभर मी तो फोटो सगळ्यांना दाखवत फिरलो. पुढच्या फाल्गुनात पोतं घेऊन गेलो, तर बांध कोरा. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, दिवाळीनंतर तणनाशक तूच मारलंस की!” खरं होतं. बांध स्वच्छ दिसावा म्हणून मारलं होतं. फोटोतलं फूल ओळखत होतो, पायाखालचं रोप मात्र मला तणच वाटलं. आणि शेजारच्याच वाफ्यात आमची वांगी होती.

आता विहिरीकडच्या बांधावर औषध मारत नाही. लोक आळशी म्हणतात, म्हणू देत. यंदा तिथे रिंगणीची तीन रोपं आली आहेत. परवा एकीवर भुंगाही दिसला. फोटो हलला, पण ठेवलाय.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. आठवीतला तो धडा मला साठीनंतर कळला, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. बाकीच्यांनी फाल्गुनात जरूर या. पोतं मी देईन, काटे मात्र सांभाळा.