स्मृतिभ्रंश, संशय आणि सेरोटोनिन
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचा तपशील अहवालात स्वतंत्रपणे दिलेला आहेच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाचा अधिकार मला नाही. तरीही ताळेबंद क्षणभर बाजूला ठेवून एका आजाराविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो, कारण तो माझ्या घरात राहून गेला आहे.

माझ्या आईला उतारवयात स्मृतिभ्रंश जडला. तिचे विसरणे आम्ही सोसले. मात्र एके दिवशी दिवेलागणीला तिने मला उंबऱ्यावरच अडविले, "माझ्या पाटल्या कुठं ठेवल्यास रे, चोरा?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाचा पै-पैचा हिशेब राखलेल्या माणसाला हे शब्द किती लागले असतील, याची आपण कल्पना करू शकता. मी कपाट उघडून पाटल्या दाखविल्या, वाद घातला, आवाजही चढविला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच आरोप. अखेर कंटाळून मी कोणत्याही डॉक्टरांना न विचारता झोपेच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या रात्री न्हाणीघराकडे जाताना ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. गोळी मी माझ्या हाताने दिली होती.

पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी जे समजावून सांगितले, ते माझ्या भाषेत मांडतो. मेंदूच्या देठात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात, राफे नावाचे चेतापेशींचे लहान पुंजके असतात. त्यांचे तंतू जवळजवळ सबंध मेंदूत पसरलेले असून त्यांतून सेरोटोनिन हे रसायन स्रवते. १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग आणि आयर्विन पेज यांनी ते मेंदूत असल्याचे दाखवून दिले. झोप, भूक, मनःस्थिती आणि राग आवरण्याची शक्ती यांत त्याचा मोठा वाटा आहे. अल्झायमरच्या आजारात स्मरण ढासळण्याच्या पुष्कळ आधी या पुंजक्यांत विकृत प्रथिनाच्या गाठी दिसू लागतात आणि कालांतराने पेशी घटतात. चिडचिड, संशय, रात्रीची येरझार यांची एक मुळी तेथे आहे. एकच मुळी, असे मात्र नव्हे. दुखणारा दात, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग किंवा कमी ऐकू येणे यांनीही असा रुग्ण बिथरतो, आणि त्याला ते सांगता येत नाही. (केळ्यात सेरोटोनिन असते म्हणून आम्ही आईला रोज केळी दिली. खाल्लेले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, हे नंतर कळले.)

मग ते वाढविणारी गोळी द्यावी, असे कोणालाही वाटेल. अमेरिका व कॅनडात १८६ रुग्णांवर सिटॅलोप्रॅम या औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ४० जणांची अस्वस्थता बऱ्यापैकी उतरली. नुसती औषधासारखी दिसणारी गोळी घेणाऱ्यांत शेकडा २६ जणांची. मात्र त्या मात्रेत हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम झाला आणि आकलनही थोडे घसरले. हिशेबनीस म्हणून माझे लक्ष त्या २६ जणांकडे गेले. दोन्ही गटांतील कुटुंबांना समुपदेशन मिळत होते. सुधारणेचे सगळे श्रेय त्यालाच देता येणार नाही. पण ती बाब वगळून हिशेब जुळत नाही. भ्रम शमविणाऱ्या काही औषधांनी अशा वृद्धांमधील मृत्यूचा धोका सुमारे दीडपटीहून अधिक वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने २००५ मध्येच दिला होता. ती औषधे कधीच देऊ नयेत असे नाही. मात्र तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यावा, माझ्यासारख्याने नव्हे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि खेड्यांत त्याचे प्रमाण शहरांहून अधिक आहे. आपल्या शिर्डीत त्याचे वेगळेच रूप दिसते. रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमीच्या गर्दीत नातवाचा हात सुटला, तर अशा आजोबांना आपले गावही सांगता येत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगविलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत जातात आणि घरच्यांना दुरावतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. तिला आजाराचे नावही ठाऊक नसते. ती त्यांना लेकरासारखे वागविते. दर्शनास वृद्धांना आणणाऱ्यांनी त्यांच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी अवश्य ठेवावी.

आईच्या शेवटच्या दोन वर्षांत मी वाद सोडला. "चल आई, दोघं मिळून शोधू," म्हणत तिच्याबरोबर डबे उघडीत बसे. तांदळाच्या डब्यापर्यंत पोहोचेतो ती पाटल्या विसरून मला तिच्या माहेरच्या गोष्टी सांगू लागे. यास अर्धा तास लागे, आणि तो देणारे माणूस घरात असावे लागे.

देणगीदारांनी आजवर आम्हांला यंत्रे दिली, खाटा दिल्या. त्यांवर त्यांची नावे आदराने कोरली आहेत. यंदा मी एका समुपदेशिकेचे आणि दोन प्रशिक्षित मदतनिसांचे वेतन मागत आहे. आठवड्यातून एक दिवस त्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांना भेटतील, उरलेले दिवस घरोघर जातील. वेतनावर नाव कोरता येत नाही, याची मला जाणीव आहे. हा प्रस्ताव आजच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर आहे. विश्वस्तांनी त्यावर विचार करावा, ही नम्र विनंती.