उसने भूत



वसंत व्याख्यानमालेत भुताखेतांचा विषय घेतला म्हणून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण ज्या चित्रपटाविषयी आम्ही बोलणार आहोत, तो भुताचा असूनही भीती वाटू देत नाही; आणि असे का व्हावे, याचा विचार आपल्या भंडाऱ्यात करण्याजोगा आहे.

१९७७ साली रविकांत नगाइच यांचा 'जादू टोना' आला. अशोककुमार, फिरोज खान, रीना रॉय अशी नामांकित मंडळी त्यात आहेत. कथा थोडकी : श्रीमंत घरातल्या लहान मुलीला बाधा होते आणि घर हवालदिल होते. विल्यम फ्रीडकिन यांचा १९७३ चा 'द एक्झॉर्सिस्ट' ज्याने पाहिला आहे, त्याला ही उचल लगेच उमगते. उचलण्याला आमची हरकत नाही. 'संशयकल्लोळा'ची मूळ कल्पना मोलिएरची. पण देवलांचा फाल्गुनराव कुणाला परका वाटला? तो आपल्याच आळीतला संशयी गृहस्थ झाला.

येथे तसे घडत नाही. मूळ चित्रपटात भयाचा उगम मुलीच्या बदललेल्या आवाजात नाही. तिच्यासमोर उभा राहणारा पाद्री, फादर कॅरस, याची म्हातारी आई एकटीच मरून गेली आहे. आपण तिच्याजवळ नव्हतो, हे त्याला जाळते आहे. देवावरचा विश्वासही डळमळला आहे. पिशाच्च नेमके तेथे बोट ठेवते. नक्कल करणाऱ्यांनी आवाज घेतला, चेहऱ्याचे रंग घेतले. पाद्र्याची आई तेवढी मागे राहिली! मग पडद्यावर किंकाळ्या उरतात आणि प्रेक्षागृहात जांभया.

तीनच वर्षांनी, १९८० साली, विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा 'गहराई' आला. पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात होता. बाधा येथेही मुलीलाच. पण तिचे वडील, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, यांनी गावाकडची वडिलोपार्जित जमीन कारखान्यासाठी विकलेली आहे. आणि ती जमीन जिवापाड राखणारा जुना माणूस उन्मळून पडला आहे. मुलीच्या तोंडून बापाचे जुने पाप बोलू लागते. मांत्रिक येथेही आहेत. पण त्यांतला एक त्या पोरीच्या असहायतेवरच डोळा ठेवून आलेला आहे.

हे भूत भंडारेकराला समजावून द्यावे लागत नाही. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. पुढे वैनगंगेचे पाणी अडले आणि कितीएक गावे धानाच्या बांध्यांसकट उठली. आपले शेत पाण्याखाली आहे हे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्याला रात्री काय दिसत असेल, हे कुणी चित्रपटवाल्याने येऊन विचारावे.

उसन्या भुताची आम्हांस खरी चीड येते ती निराळ्याच कारणाने. अमेरिकेतला बहुतेक प्रेक्षक भूत काढणाऱ्या पाद्र्याला फक्त पडद्यावर भेटतो. आमच्याकडच्या नकलांत त्याच्या जागी मांत्रिक बसवला जातो. आणि मांत्रिक काही पडद्यावरच राहत नाही. रोवणीच्या दिवसांत साप चावलेल्या माणसाला आधी त्याच्या दारी नेणारे लोक अजून आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा उपचार अडवणे गुन्हा ठरवले. भूत उतरवण्याच्या निमित्ताने माणसाला साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हाही गुन्हा; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पडद्यावर मात्र हा सगळा उपाय पाच मिनिटांत उरकतो, आणि मुलगी डोळे चोळीत, हसत उठून बसते.